नवी नोकरी, जुन्या पोस्ट्स : कंपनी प्रोफाइलच्या लिंक मागते आहे, काय करावं?

कागदी होडी
सोमवार, रात्री १०.४०

बीकेसीतल्या (मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल) एका वित्तीय कंपनीची ऑफर आहे, रुजू व्हायला पाच आठवडे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये पदवी, आधीच्या कंपन्या, पत्ता यांच्या खाली एक रकाना आहे : 'सर्व सोशल मीडिया प्रोफाइलच्या लिंक'. त्याखाली सहीसाठी वाक्य : 'माझ्याबद्दल उपलब्ध असलेली कोणतीही माहिती कंपनी व तिने नेमलेली संस्था तपासू, साठवू व वापरू शकेल.'

फेसबुक २०११ पासूनचं आणि बरंचसं पब्लिक. राजकारणावरचे वाद, आधीच्या मॅनेजरवर नाव न घेता केलेल्या दोन पोस्ट्स, इकडेतिकडे कॉमेंट्स. इन्स्टा प्रायव्हेट, एक्स (पूर्वीचं ट्विटर) टोपणनावाने.

लिंक द्याव्याच लागतात का? सगळी अकाउंट्स आत्ताच बंद केली तर चालेल का? आणि साफसफाई करायची तर नेमकी कशी, कुठून सुरुवात करायची? ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

नाहूरकर
सोमवार, रात्री ११.१५

आधी एकच सांगतो : आज रात्री काहीही बंद करू नका. फेसबुक डीअ‍ॅक्टिव्हेट केलं की प्रोफाइल दिसेनासं होतं, पण ते झाकण आहे, सफाई नव्हे. पुन्हा लॉग-इन केलंत की २०११ पासूनचं सगळं जसंच्या तसं परत. कायमचं डिलीट करायला टाकलंत तर ३० दिवस ते रद्द करता येतं, आणि सर्व्हरवरून माहिती जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमच्याकडे पाचच आठवडे आहेत. शिवाय अकाउंट गेलं की इतरांच्या पोस्टवर आपण काय लिहिलं होतं ते शोधायची सोयही हातातून जाते.

तपासणारी संस्था काय करते ते समजून घ्या, म्हणजे कुठे वेळ घालवायचा ते कळेल. ते हॅकिंग वगैरे करत नाहीत. फॉर्ममधलं नाव, ईमेल, मोबाइल, कॉलेज आणि आधीच्या कंपन्या एकमेकांशी जोडून शोधतात आणि लॉग-इन न करता किंवा अनोळखी अकाउंटवरून जे दिसतं तेच पाहतात. सगळ्यात आधी लिंक्डइनवरच्या आणि सीव्हीतल्या तारखा जुळतात का ते बघतात. एकीकडे 'मार्च २०१९ ते जून २०२१' आणि दुसरीकडे 'मे'पर्यंत, एवढ्यावरही स्पष्टीकरण मागितलं जातं. मग शिवीगाळ, धमकी, जात-धर्म-लिंगावरून केलेली टीका, नशेचे पदार्थ, आधीच्या कंपनीची गोपनीय माहिती, आजी-माजी मालकाची बदनामी अशा सदरांखाली नोंदी करतात. प्रत्येक नोंदीला स्क्रीनशॉट जोडतात. तुम्ही कोणाला मत दिलं यात त्यांना सहसा रस नसतो. ते मत मांडताना वापरलेली भाषा मात्र अहवालात जाते.

म्हणून पहिली पायरी : स्वतःला परक्याच्या नजरेने शोधा. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत नाव अवतरणचिन्हांत टाका. रोमन लिपीत आणि देवनागरीतही, कारण मराठी मजकुराचे निकाल वेगळे येतात. आडनावाची जी दोन-तीन स्पेलिंगं चालतात ती सगळी टाका. नावासोबत कॉलेज, नावासोबत जुनी कंपनी असंही शोधा. मग ईमेलचा अ‍ॅटच्या चिन्हाआधीचा भाग तेवढा शोधा. बऱ्याच जणांचं टोपणनाव तिथेच उघडं पडतं, कारण तोच शब्द एक्सवर, यूट्यूबवर आणि कुठल्यातरी जुन्या फोरमवरही वापरलेला असतो. शेवटी प्रोफाइल फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहा.

दुसरी पायरी, प्रत ठेवा. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, लिंक्डइन सगळीकडे 'डाउनलोड युअर इन्फर्मेशन' किंवा 'आर्काइव्ह' अशा नावाची सोय आहे. फाइल तयार व्हायला काही तास ते एखाद-दोन दिवस लागतात, म्हणून आजच विनंती टाका. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही अमुक लिहिलं होतं, तर मूळ शब्द आणि तारीख तुमच्याकडे हवी.

आता फेसबुक, कारण खरी मेहनत तिथेच आहे. सेटिंग्जमध्ये पोस्ट्सच्या प्रेक्षकांच्या विभागात 'लिमिट हू कॅन सी पास्ट पोस्ट्स' आहे. एका बटणावर सगळ्या जुन्या पब्लिक पोस्ट्स 'फ्रेंड्स'पुरत्या होतात. हे एका झटक्यात उलटं फिरवता येत नाही, नंतर एकेक पोस्ट हाताने पब्लिक करावी लागते. तुमच्या बाबतीत ते चालेल. पण लोकांची फसगत पुढे होते. या बटणाचा परिणाम फक्त तुमच्या स्वतःच्या टाइमलाइनवर होतो. पब्लिक ग्रुपमध्ये लिहिलेलं तसंच राहतं. एखाद्या वर्तमानपत्राच्या पानावर बातमीखाली केलेली कॉमेंट तशीच राहते, कारण तिथे कोणाला दिसावं हे पान चालवणारा ठरवतो. दुसऱ्याने तुम्हाला टॅग केलेला फोटोही त्याच्या सेटिंगप्रमाणे दिसत राहतो. चालू कव्हर फोटो तर कायम पब्लिकच असतो, त्याच्याखालच्या कॉमेंट्ससकट.

म्हणून बटण दाबून झाल्यावर 'अ‍ॅक्टिव्हिटी लॉग' उघडा. 'कॉमेंट्स अँड रिअ‍ॅक्शन्स'मध्ये जा, वर्षाची चाळणी लावा आणि २०११ पासून पुढे या. रोज दोन वर्षं घेतलीत तर आठवड्याभरात संपतं. पोस्ट्सना तिथेच दोन पर्याय मिळतात. 'आर्काइव्ह' केलं की फक्त तुम्हाला दिसतं, 'ट्रॅश'मध्ये टाकलं की ३० दिवसांनी कायमचं जातं. शंका असेल तिथे आर्काइव्ह. मॅनेजरवरच्या त्या दोन पोस्ट्स थेट ट्रॅशमध्ये आणि मग ट्रॅशही रिकामा करा. नाव घेतलेलं नसलं तरी तारीख आणि तुमची तेव्हाची कंपनी जोडली की कोणाबद्दल आहे ते कळतंच.

शेवटी प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून 'व्ह्यू अ‍ॅज' करून, म्हणजे परक्याला प्रोफाइल कसं दिसतं ते बघा आणि टॅग रिव्ह्यू (टॅग तुमच्या प्रोफाइलवर येण्याआधी तुमची मंजुरी) चालू करून ठेवा.

---

ऊन सावली
मंगळवार, सकाळी ८.०५

वरच्या प्रतिसादाला जोड देते, फेसबुक सोडून बाकीच्यांची.

इन्स्टा प्रायव्हेट आहे म्हणता, पण दुसऱ्याच्या पब्लिक रीलखाली केलेली कॉमेंट नावासकट सगळ्यांना दिसते. 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये 'इंटरॅक्शन्स', त्यात 'कॉमेंट्स'. एकावेळी अनेक निवडून डिलीट करता येतात. आधीचे फॉलोअर प्रायव्हेट केल्यावरही आतच असतात, त्यांना यादीतून हाताने काढावं लागतं. कोणे एके काळी 'क्रिएटर' किंवा 'बिझनेस' अकाउंट करून ठेवलं असेल तर ते प्रायव्हेट होतच नाही, आधी पर्सनलवर परत आणावं लागतं. तुमचं खरंच प्रायव्हेट आहे का, हे ज्याला तुम्ही फॉलो करू दिलेलं नाही अशा कोणाच्या तरी फोनवरून तपासा.

एक्सवर अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये 'फ्रॉम दीज अकाउंट्स'च्या रकान्यात स्वतःचं हँडल आणि खाली तारखांची मर्यादा टाका. सहा-सहा महिन्यांचे तुकडे घ्या. लाइक्स जून २०२४ पासून इतरांना दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी नको. रिप्लाय आणि कोट-पोस्ट दिसतात. टोपणनावाचं अकाउंट असेल तर प्रायव्हसीमधलं 'डिस्कव्हरेबिलिटी अँड कॉन्टॅक्ट्स' उघडा आणि फोन नंबर किंवा ईमेलवरून शोधू देण्याच्या दोन्ही खुणा काढा. त्या चालू राहिल्या तर ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्याला तुमचं टोपणनाव सुचवलं जाऊ शकतं. अकाउंट लपवलं असं वाटून लोक निश्चिंत राहतात आणि गळती नेमकी इथून होते.

लिंक्डइनवर तुम्ही केलेलं लाइकही तुमच्या जोडण्यांच्या फीडमध्ये जातं आणि प्रोफाइलवरच्या 'अ‍ॅक्टिव्हिटी'त दिसतं. हे लक्षात न घेता लोक तिथे फेसबुकसारखं वागतात. 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधत असल्याची खूण) फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं. सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही. नोटीस पिरियड अजून सुरू झाला नसेल तर ते बंदच ठेवा.

आणि ज्या जागा कोणालाच आठवत नाहीत : गूगल मॅप्सवरचे रिव्ह्यू (पूर्ण नावाने असतात, हॉटेलवाल्याला, दवाखान्याला रागाच्या भरात लिहिलेलं), यूट्यूबवरच्या कॉमेंट्स, पब्लिक प्लेलिस्ट, जुने ब्लॉग, धावण्या-सायकलिंगची अ‍ॅप्स. या शेवटच्या प्रकारात तर रोज सकाळी कुठून निघता आणि कुठे परत येता, म्हणजे घराचा पत्ताच असतो. सुरुवातीचे आणि शेवटचे काही मीटर नकाशावरून लपवायची सोय त्यात असते, ती चालू करा.

---

टर्मिनल
मंगळवार, दुपारी १.३०

प्रायव्हेट मजकूर कंपनीपर्यंत पोचतो तो माणसांमार्फत. बारा जणांचा 'फक्त आपला ग्रुप' असतो, त्यातल्या एकाचं दुसऱ्याशी बिनसतं आणि तो 'एक्सपोर्ट चॅट' करतो. त्यातून नाव, तारीख, वेळ, संदेश अशी सलग मजकुराची फाइल तयार होते आणि ती एचआरच्या ईमेलवर जाते. एवढं साधं आहे ते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' म्हणून पर्याय आहे, तो चालू केला की एक्सपोर्ट थांबतं. स्क्रीनशॉट थांबत नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, पण समोरच्याच्या अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशन हिस्टरी चालू असेल तर पुसलेला मजकूर तिथे वाचता येतो.

दुसरी वाट म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप. लोक सोयीसाठी त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात. वित्तीय कंपन्यांत माहिती बाहेर जाऊ नये म्हणून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर जवळपास सगळीकडे असतं. काही ठिकाणी ते ठरावीक वेळाने पडद्याचं चित्र घेतं. त्या चित्रात तुमच्या कुटुंबाचा ग्रुपही येतो. शिवाय कंपनीने आपलं रूट सर्टिफिकेट (ब्राउझरला कंपनीच्या यंत्रावर विश्वास ठेवायला लावणारी फाइल) लॅपटॉपमध्ये बसवलेलं असेल तर ब्राउझरमधलं कुलूप दिसत असूनही मधल्या यंत्राला मजकूर वाचता येतो. स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर प्रकार वेगळा : कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं, आत काय लिहिलंत ते नाही. पण फोनवर तेच सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर मात्र हा फरक उरत नाही. तेव्हा नकार द्या आणि मोबाइल डेटा वापरा.

ऑफिसचं मेल स्वतःच्या फोनवर घ्यावं लागलं तर अँड्रॉइडवर 'वर्क प्रोफाइल' मागून घ्या. ब्रीफकेसची खूण असलेली अ‍ॅप्स तेवढी कंपनीची. बाकीचे फोटो, मेसेज कंपनीला दिसत नाहीत आणि नोकरी सोडताना पुसलं जातं तेही फक्त तेवढंच. याउलट फोन 'फुली मॅनेज्ड' असेल तर तो कंपनीचाच समजा.

आजच करायचं काम : सध्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर कधी व्हॉट्सअ‍ॅप जोडलं असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते काढा. ब्राउझर बंद केल्याने ते सुटत नाही.

आणि फोटो. डेस्कवर कापलेल्या केकचा फोटो आपल्याला केकचा वाटतो. तोच मोठा करून बघा. डावीकडे मॉनिटरवर एक्सेल उघडी आहे, क्लायंटचं नाव आणि रक्कम वाचता येते. मागच्या फळ्यावर पुढच्या तिमाहीचे आकडे. गळ्यात आय-कार्ड, त्यावर कर्मचारी क्रमांक आणि बारकोड. टेबलाच्या कडेला पिवळी चिठ्ठी, तिच्यावर पासवर्ड. केक कापणाऱ्याने यातलं काहीच पोस्ट केलेलं नसतं, तरी उत्तर त्यालाच द्यावं लागतं. वित्तीय कंपनीत हे शिष्टाचाराचं प्रकरण राहत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसार बाजाराला माहीत नसलेली आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती कामाच्या गरजेशिवाय कोणालाही देता येत नाही. ऑफर लेटरचा फोटो टाकू नका, त्यात पगार, पत्ता आणि संदर्भ क्रमांक असतो. 'या शेअरचं टार्गेट अमुक' अशी पोस्टही रुजू झाल्यावर बंद. नोंदणी नसताना सल्ला दिल्याचा प्रश्न येतो आणि कंपनीच्या आचारसंहितेतही ते बसत नाही.

---

फोर्टातला काळा कोट
मंगळवार, रात्री ९.५०

कायद्याच्या बाजूने, तुमच्या प्रश्नाच्याच क्रमाने.

लिंक मागण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. न दिल्या म्हणून ऑफर मागे घेतली तर खासगी कंपनीविरुद्ध फारसं काही करता येत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. पण रकाना रिकामा ठेवणं आणि 'अकाउंट नाही' असं लिहिणं यात फार मोठा फरक आहे. फॉर्मच्या शेवटी 'दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे' यावर तुमची सही असते. खोटं निवेदन दोन वर्षांनी सापडलं तरी तेवढ्या कारणावरून काढता येतं, मग पोस्टमध्ये आक्षेपार्ह काही असो वा नसो. म्हणून 'नाही' लिहू नका. असं लिहा : 'व्यावसायिक प्रोफाइल : लिंक्डइन. वैयक्तिक अकाउंट्स खासगी वापराची असल्याने त्यांच्या लिंक देऊ इच्छित नाही.' पासवर्ड किंवा समोर बसून लॉग-इन करून दाखवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. पासवर्ड दुसऱ्याला देणं फेसबुकच्या अटींतही बसत नाही.

संमतीचं वाक्य फार मोकळं आहे. 'कोणतीही माहिती', 'साठवू', 'वापरू' याला मर्यादाच नाही. एचआरला ईमेल करून त्या जागी हे सुचवा : 'केवळ सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती, केवळ या नेमणुकीच्या निर्णयासाठी तपासण्यास माझी संमती आहे. प्रतिकूल नोंद आढळल्यास अहवालाची प्रत व खुलाशाची संधी मिळावी. नेमणुकीचा निर्णय झाल्यावर ही माहिती नष्ट करावी.' ते मान्य करतीलच असं नाही, पण ईमेल तुमच्याकडे राहतो.

आता गैरसमज. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरं. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावायचे असतात. खासगी मालकाशी तुमचं नातं कराराचं आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यातली एक तरतूद मात्र प्रत्येकाने वाचावी अशी आहे. कलम ३ सांगतं की जी माहिती तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच नाही. कायद्याने उदाहरणही सोशल मीडियावर मत मांडणाऱ्या व्यक्तीचंच दिलं आहे. म्हणजे 'पब्लिक' आणि 'फ्रेंड्स' या दोन पर्यायांमधला फरक फक्त फेसबुकचा नाही, कायद्याचाही आहे. नाहूरकरांनी सांगितलेलं ते बटण याच आठवड्यात दाबा.

दुसरा गैरसमज माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ चा, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणाऱ्या कलमाचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती, एकीला लिहिल्याबद्दल आणि दुसरीला लाइक केल्याबद्दल. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. त्यामुळे 'आता काहीही लिहा' असं लोक समजतात. बदनामीचं कलम आजही आहे, भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झालं. समाजांत तेढ निर्माण करण्याचं १९६ आहे. आणि नोकरी जायला यातलं काहीच लागत नाही, कंपनीची आचारसंहिता पुरते.

न्यायालयं कुठे रेघ ओढतात ते दोन्ही बाजूंनी बघा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कारखान्यातल्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरवली. वेतनकराराचा वाद चालू असताना त्याने कंपनीविरुद्ध चिथावणी देणाऱ्या दोन फेसबुक पोस्ट्स टाकल्या होत्या. कामगार न्यायालय त्याच्या बाजूने होतं, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. उलट बाजूला, १९८३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की स्थायी आदेशांत (कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमावलीत) 'आस्थापनेच्या आवारात' असे शब्द असतील तर बाहेरचं कुठलंही वागणं मालकाला त्यात ओढून आणता येणार नाही, कामाशी संबंध दाखवावा लागेल. म्हणूनच आता कंपन्या सोशल मीडिया धोरण वेगळं लिहून त्यावर सही घेतात. रुजू व्हायच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात ते असतं. तो एक कागद न वाचता सही करू नका.

उद्या कधी कारणे दाखवा नोटीस आलीच, तर त्या क्षणापासून काहीही पुसू नका. आत्ता करताय ती सफाई आहे, तेव्हा केलेली तीच कृती पुरावा नष्ट करणं म्हणून मांडली जाते. खुलाशाआधी लेखी मागणी करा : पोस्टची पूर्ण लिंक, तारीख-वेळ, स्क्रीनशॉट कोणी कधी घेतला, आणि धोरणाची तुमची सही असलेली प्रत. कोर्टात स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे पडताळता येणारा सांकेतिक क्रमांक) द्यावं लागतं. खातेनिहाय (कंपनीच्या अंतर्गत) चौकशीत मात्र पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसतात. त्यामुळे 'प्रमाणपत्र कुठे आहे' एवढ्यावर तिथे विसंबू नका, मजकुराचा संदर्भ दाखवा. डाउनलोड केलेली प्रत कामाला येते ती इथे.

---

अश्विनी_म
बुधवार, सकाळी ७.२०

हे सगळं खासगीचं झालं. घरात कोणी शासकीय नोकरीत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते, कारण तिथले नियम जास्त कडक आहेत.

राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेतच. त्यावर जुलै २०२५ च्या अखेरीस समाजमाध्यमांसाठी वेगळा शासन निर्णय आला. तो स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळं, महामंडळं यांनाही धरून आहे, म्हणजे महापालिकेतलेही आले. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं, गोपनीय कागद परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, बदली झाली की कार्यालयीन अकाउंट रीतसर सोपवायचं. वैयक्तिक अकाउंटवर प्रोफाइल फोटो सोडून इतरत्र शासनाचं बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत दिसणारे फोटो-रील नकोत. हे शेवटचं सगळ्यात जास्त मोडलं जातं, कारण गणवेशातल्या रीलमध्ये आपण काही चुकीचं बोललेलो नसतो.

---

फोर्टातला काळा कोट
बुधवार, सकाळी ९.१०

अश्विनीताईंनी लिहिलं ते बरोबर. एवढंच जोडतो की सरकारी नोकराला मतच नाही असं नव्हे. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने फेसबुक पोस्टमुळे कारवाई झालेल्या एका कर्मचारी महिलेला दिलासा देताना अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारी सेवेत असूनही टिकतं असं म्हटलं. पण तो निकाल हातात यायला कोर्टाची पायरी चढावी लागली, हेही विसरू नका.

---

कागदी होडी
बुधवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. फेसबुकचं बटण दाबलं, डाउनलोडची विनंती टाकली, २०१४ पर्यंतच्या कॉमेंट्स झाल्या. दोन शंका. एक, डिलीट केलेली एक कॉमेंट गूगलच्या निकालात अजून दिसते. दोन, या कंपनीकडून वर्ष-दीड वर्षात अमेरिकेला पाठवतील अशी शक्यता आहे. व्हिसासाठी अकाउंट्स पब्लिक करावी लागतात हे खरं का? मग ही सगळी मेहनत वाया का?

---

ऊन सावली
बुधवार, रात्री ११.३०

व्हिसाचं खरं आहे. अमेरिकी व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया अकाउंट्सची नावं विचारतात. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि एक्स्चेंजच्या व्हिसासाठी, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा) साठीही प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलं जातं. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीला जायच्या आधी सेटिंग बदलावं लागतं.

मेहनत वाया नाही, उलट याचसाठी ती आत्ता हवी. 'फ्रेंड्स'पुरतं केलेलं त्या वेळी पुन्हा उघडं पडू शकतं, म्हणून जे तुम्हाला खरंच नको आहे ते नुसतं झाकू नका, ट्रॅशमध्ये टाका किंवा आर्काइव्ह करा. आर्काइव्ह केलेली पोस्ट, प्रोफाइल पब्लिक केलं तरी, दिसत नाही. टोपणनावाचं अकाउंट मात्र तिथे लपवू नका. वापरात असेल तर ते त्या पाच वर्षांत मोडतं, आणि व्हिसाच्या फॉर्मवर खोटं लिहिण्याचे परिणाम पुढच्या प्रत्येक अर्जावर होतात. तेव्हा आजपासून त्या अकाउंटवर तेच लिहा, जे फॉर्ममध्ये त्याचं नाव देताना खटकणार नाही. काळा कोट यांनी सांगितलं तसं, कंपनीच्या फॉर्मवर न देणं हा तुमचा पर्याय आहे. व्हिसाच्या फॉर्मवर तो नाही.

---

नाहूरकर
गुरुवार, सकाळी ८.४०

गूगलचं : तो निकाल म्हणजे गूगलने पूर्वी वाचून ठेवलेली आवृत्ती. आपोआप जाईल, पण कधी ते सांगता येत नाही. गूगलचं 'रिफ्रेश आउटडेटेड कन्टेन्ट' नावाचं पान शोधा. निकालातल्या पानाची लिंक कॉपी करून तिथे टाका. पान पूर्ण गेलेलं असेल तर तेवढंच पुरतं. पान आहे पण तुमची कॉमेंट तेवढी गेली आहे, असं तुमच्या बाबतीत दिसतंय. मग ते एक शब्द विचारतं, जो आधी पानावर होता आणि आता नाही. इथे लोक आपलं नाव टाकतात आणि विनंती फेटाळली जाते, कारण नाव त्याच पानावर दुसरीकडे कुठेतरी असतं, कोणीतरी उत्तर देताना टॅग केलेलं असतं. तुमच्या कॉमेंटमधला असा शब्द द्या जो त्या पानावर दुसऱ्या कोणी वापरलेला नसेल. टाकण्याआधी पानावर तो शब्द शोधून खात्री करा. आणि ज्याने उत्तर देताना तुमचं वाक्य उद्धृत केलं असेल त्याला साधा मेसेज करून ते काढायची विनंती करा, ते गूगलच्या हातात नाही.

विनंतीची स्थिती त्याच पानावर खाली दिसते. फॉर्म पाठवायच्या आधी पुन्हा एकदा इन्कॉग्निटोमधून सगळे शोध करून बघा, त्याच स्पेलिंगांनी.